पेशंट रिव्हर्स का होईना? सोलापुरातलं एक प्रकरण आणि एका प्रथिनाची घडण

रुग्ण स्त्री, वय ३८. मधल्या मारुतीजवळच्या भुसार व्यापारी कुटुंबातली. घरात तेलुगू, दुकानात मराठी. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. आधी एकही ऑपरेशन नाही, म्हणजे पूर्ण भूल कधी घेतलेलीच नाही. बीपी नाही, शुगर नाही, कसली गोळी चालू नाही. दुपारपासून बेंबीभोवती दुखत होतं, रात्री दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं. तरी मधे तिने भाकरी-शेंगाचटणी खाऊन घेतली होती, "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. शहरातल्या ज्या खासगी दवाखान्यात हे घडलं त्याचं नाव इथे देत नाही.

पोट भरलेलं असलं की भूलतज्ज्ञाला घाई असते. रुग्ण बेशुद्ध झाल्यापासून श्वासनलिकेत ट्यूब बसेपर्यंतच्या वेळात पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून अशा वेळी स्कोलिन देतात. सक्सिनिलकोलीन हे त्याचं पूर्ण नाव. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, ते कुणी पूर्ण म्हणत नाही. मिनिटभरात सगळे स्नायू सैल पडतात, ट्यूब सहज जाते, आणि पाच-दहा मिनिटांत औषधाचा अंमल आपोआप उतरतो. हे "आपोआप" म्हणजे काय, यावरच पुढचं सगळं प्रकरण उभं आहे.

ऑपरेशन पाऊण तासात उरकलं. रात्रीची वेळ, सर्जन घरी जायच्या तयारीत, आणि पेशंट रिव्हर्स होईना, म्हणजे भुलीतून बाहेर येईना. स्वतःचा श्वास नाही, हाताची बोटं हलत नाहीत. मनगटाच्या नसेवर विजेचे चार लहान झटके देऊन अंगठा हलतो का बघतात. अंगठा एकदाही हलला नाही. नाडी मात्र वेगाने चालली होती आणि डोळ्यांच्या कडांना पाणी होतं. भूलतज्ज्ञ मॅडमनी ताबडतोब झोपेचं औषध पुन्हा सुरू केलं. हा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्कोलिन स्नायू बंद करतं, जाणीव नाही. माणूस आतून जागा असतो, सगळं ऐकतो आणि पापणीही उचलू शकत नाही. व्हेंटिलेटर, झोपेचं औषध आणि वाट बघणं, एवढाच इलाज होता. रुटीनप्रमाणे निओस्टिग्मिन देऊन "रिव्हर्स" करायचा मोह त्यांनी टाळला. स्कोलिन उतरतं ते रक्तातलं एक एन्झाइम (रासायनिक काम करणारं प्रथिन) त्याला फोडतं म्हणून. निओस्टिग्मिन त्याच एन्झाइमला अडवतं, आणि इथे त्याची आधीच वानवा असण्याची शंका होती. दुसऱ्याचा प्लाझ्मा (रक्तद्रव) देण्याचा पर्यायही त्यांनी बाजूला ठेवला. दुसऱ्याचं एन्झाइम अंगात शिरलं असतं तर नंतरची रक्ततपासणी बिनकामाची झाली असती, शिवाय व्हेंटिलेटरवर रुग्ण सुरक्षित होता. रक्त मात्र त्याच वेळी काढून ठेवलं.

बाहेर रुग्णाचे दीर आणि भाऊ. "डोस जास्त झाला" हे वाक्य मध्यरात्रीपर्यंत तीन-चार तोंडांतून फिरून पक्कं झालं होतं. पहाटे रुग्णाने बोटं हलवली, तासाभराने मान उचलून धरली, मग ट्यूब निघाली. सकाळी ती चहा मागत होती.

आकडा शून्याजवळ, आणि लॅबचा फोन

रक्त तपासलं ते स्यूडोकोलिनएस्टरेजसाठी. याचंच दुसरं नाव ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. इथून पुढे मी "एस्टरेज" म्हणतो. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारं हे एन्झाइम. साधारण माणसात प्रति लिटर काही हजार युनिट असतं. या रुग्णाचा आकडा मशीनच्या खालच्या मर्यादेच्याही खाली आला.

लॅबमधून फोन आला तो असा: "मॅडम, पेशंटनी औषध घेतलंय का ओ? घरी भांडण वगैरे?"

यात लॅबवाल्याचा दोष नाही. सोलापूर जिल्ह्यात ही तपासणी मुख्यतः एकाच कारणासाठी होते. द्राक्षबागेत, उसात, डाळिंबावर मारायचं ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक कुणी प्यायलं किंवा फवारताना अंगात गेलं, की हा आकडा कोसळतो. आपल्याकडे "औषध पिणं" म्हणजे काय ते सांगायला नको. पण फोन दिराने ऐकला आणि आधीच तापलेल्या घरात नवीनच आग लागली. रात्री डॉक्टरची चूक होती, सकाळी सुनेने विष घेतलं होतं. प्रकरण तेच, त्यावरून चोवीस तासांत दोन निवाडे झाले आणि दोन्ही खोटे.

विषबाधा नव्हती हे तपासून दाखवता येत होतं. डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या नव्हत्या, लाळ-घाम नव्हता, नाडी मंद नव्हती. त्याहून भक्कम पुरावा तांबड्या पेशींतला. आपल्याकडे कोलिनएस्टरेज दोन प्रकारची असतात आणि त्यांची जनुकंही वेगळी. एक हे रक्तद्रवातलं एस्टरेज, जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर. दुसरं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज, मज्जातंतू आणि स्नायूंच्या सांध्यात आणि तांबड्या पेशींवर, जनुक सातव्या गुणसूत्रावर. एवढी मोठी कीटकनाशकाची मात्रा दोघांनाही मारते. नमुना बाहेरगावी पाठवून दुसरं मोजलं, ते व्यवस्थित निघालं. शिवाय कीटकनाशकाने मेलेलं एस्टरेज यकृत नव्याने बनवतं आणि काही आठवड्यांत आकडा वर येतो. दीड महिन्याने पुन्हा रक्त घेतलं तर तो जिथल्या तिथे. यकृताच्या चाचण्याही नॉर्मल. म्हणजे हे एन्झाइम नष्ट झालं नव्हतं, मुळात नव्हतंच.

भूलतज्ज्ञ मॅडमना पहिल्या रात्रीच शंका आली होती, कारण त्यांचं शिक्षण हैदराबादचं. तेलुगू भाषक आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, हे तिकडच्या भूलतज्ज्ञांना ठाऊक असतं. रुग्णाचं कुटुंब त्याच समाजातलं. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू म्हटलं की आधी पद्मशाली विणकर आठवतात. व्यापारी आर्य वैश्य संख्येने कमी, म्हणून इथल्या ओटीत हा प्रश्न सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

घळीच्या तळाशी काय चालतं

माझा या प्रकरणाशी संबंध आला तो इथून. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, आणि रुग्णाची भाची आमच्याकडे एमएस्सीला आहे. "सर, आत्याचं एन्झाइम का काम करत नाही ते बघायचंय" म्हणत ती प्रोजेक्टचा विषय घेऊन आली. हैदराबादहून जनुकाचा रिपोर्ट आला होता: जनुकात एका जागी टी या अक्षराऐवजी सी, त्यामुळे प्रथिनात ३०७ व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी) प्रोलीन, आणि तेही आईकडून-बापाकडून आलेल्या दोन्ही प्रतींत.

हा बदल नवा नाही. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातला बूपती यांचा गट आणि अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या ओक्साना लॉकरिज यांनी २००६ मध्ये नेमका हाच बदल आर्य वैश्य समाजातल्या लोकांत दाखवला. युरोप-अमेरिकेत लाखात एखादा माणूस या एन्झाइमाशिवाय जन्मतो. कोइमतूरच्या नमुन्यात हे प्रमाण सुमारे ४००० पट, म्हणजे शंभरात चारच्या आसपास निघालं. कारण विवाहपद्धती आणि इतिहास. थोड्या पूर्वजांपासून वाढलेला आणि पुढे शतकानुशतकं आपसातच सोयरीक करणारा समाज असला की एखाद्या पूर्वजाचा दुर्मीळ बदल सगळीकडे पसरतो. भारतातल्या कितीतरी जाती-जमातींना हे लागू आहे, प्रत्येकीचा बदल वेगळा. तेव्हा "त्यांच्यात दोष आहे" म्हणून बोट दाखवायला कुणी जाऊ नये. आणि कोइमतूरचा आकडा सोलापूरला तसाच्या तसा चिकटवूही नये.

आता प्रथिन. माणसाच्या एस्टरेजची त्रिमितीय रचना क्ष-किरणांनी २००३ मध्ये उलगडली. प्रोटीन डेटा बँकेत ती १पी०आय या नावाने फुकट मिळते. मोबाइलच्या नेटवरही उघडते. तयार प्रथिन ५७४ अमिनो आम्लांचं. रचनेत वरून आत जाणारी सुमारे २० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) खोल घळ दिसते आणि तिच्या तळाशी खरं काम चालतं. तिथे तीन अमिनो आम्लं एकमेकांकडे तोंड करून बसलेली: सेरीन १९८, हिस्टिडीन ४३८ आणि ग्लुटामेट ३२५. सेरीन रेणूवर हल्ला करतं, हिस्टिडीन प्रोटॉन इकडून तिकडे पोचवतं, ग्लुटामेट हिस्टिडीनला सावरतं. शेजारी ट्रिप्टोफॅन ८२, कोलीनचं धनभारित टोक धरून ठेवायला.

स्कोलिन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीनचे, म्हणजे नसेकडून स्नायूला निरोप नेणाऱ्या रसायनाचे, दोन रेणू पाठीला पाठ लावून जोडलेले. गंमत अशी की स्नायूच्या सांध्यातलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज अ‍ॅसिटिलकोलीन निमिषात फोडतं, पण स्कोलिनला हात लावू शकत नाही. रक्तातल्या एस्टरेजची घळ रुंद आहे, कारण अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजच्या घळीच्या भिंतींवर जी मोठ्या कड्यांची अमिनो आम्लं आहेत त्यांतल्या सहांच्या जागी इथे लहान आहेत. स्कोलिनचा लांबट रेणू इथे मावतो आणि तुटतो. शिरेत टोचलेल्या स्कोलिनचा मोठा भाग स्नायूपर्यंत पोचायच्या आधीच रक्तात संपतो. भूलतज्ज्ञाचा डोस हे गृहीत धरूनच ठरलेला असतो. ज्याच्या रक्तात एस्टरेज नाही, त्याला तोच योग्य डोस कितीतरी पटींनी जास्त ठरतो. दीर म्हणत होते त्यात इतकंच खरं होतं.

दोन बिघाड, दोन वाटा

या एन्झाइमाचा सगळ्यात गाजलेला बिघाड वेगळाच आहे आणि तुलनेसाठी तो आम्ही आधी अभ्यासला. वेर्नर कालो यांनी १९५७ मध्ये डिब्युकेन नावाच्या स्थानिक भुलीच्या औषधाने तो ओळखायची युक्ती काढली. डिब्युकेन नॉर्मल एस्टरेजला साधारण ८० टक्के अडवतं, बिघडलेल्याला जेमतेम २० टक्के. १९८९ मध्ये कळलं की या बिघाडात ७० व्या जागचं अ‍ॅस्पार्टेट जाऊन ग्लायसीन आलेलं असतं. रचनेत ७० वा क्रमांक शोधला की उत्तर समोर येतं: तो घळीच्या तोंडाशी आहे. अ‍ॅस्पार्टेटचा ऋणभार धनभारित स्कोलिनला आत ओढून घेतो. तो गेला की एन्झाइम रक्तात आहे, घडीव आहे, तळाची त्रयी शाबूत आहे, फक्त स्कोलिनसारखा पाहुणा दारातूनच नीट आत येत नाही.

आमच्या विद्यार्थिनीला ३०७ मध्येही असंच काहीतरी सापडेल अशी अपेक्षा होती. पहिला अडथळा क्रमांकाचाच आला. तिने अल्फाफोल्डच्या (प्रथिनाच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रणालीच्या) संग्रहातलं मॉडेल उघडलं आणि ३०७ वर ल्युसीन नव्हे, व्हॅलीन. रिपोर्ट चुकला की काय? रिपोर्ट बरोबर होता. यकृताच्या पेशीत हे प्रथिन बनतं तेव्हा सुरुवातीला २८ अमिनो आम्लांचं शेपूट जास्त असतं. ते प्रथिनाला पेशीबाहेर जायची वाट दाखवतं आणि मग छाटलं जातं. जुने शोधनिबंध आणि १पी०आय छाटल्यानंतरचे क्रमांक धरतात, अल्फाफोल्डचं मॉडेल छाटण्याआधीचे. म्हणून ३०७ म्हणजे तिथे ३३५. जनुकाचे हल्लीचे रिपोर्टही बऱ्याचदा ३३५ च लिहितात. एकाच कुटुंबातल्या दोन जणांच्या रिपोर्टांवर असे वेगवेगळे आकडे आले तर दोन वेगळे दोष समजायला वेळ लागणार नाही.

दुसरा अडथळा जास्त फसवा. तिने बदललेला क्रम कोलॅबफोल्डमध्ये, म्हणजे अल्फाफोल्ड चालवायच्या ऑनलाइन साधनात, घालून नवं मॉडेल काढलं, मूळ रचनेवर ठेवलं, आणि दोन्ही जवळपास एकमेकांवर बसले. "सर, काहीच फरक नाही!"

इथे थांबून विचार करावा लागतो. अल्फाफोल्ड हजारो नातेवाईक प्रथिनांचे क्रम बघून सांगतं की ही साखळी घडली तर कशी दिसेल. ५७४ पैकी एक अक्षर बदललं तर त्याचं उत्तर बदलत नाही. घडेल का, हे ते सांगत नाही. एकेका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम वर्तवायला ते बनवलेलं नाही. नकाशा मंजूर झाला म्हणजे घर उभं राहिलं असं नव्हे. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा या कामाला मिळाला तो योग्यच, पण आमच्याकडचे निम्मे प्रोजेक्ट हल्ली या एका चित्रावर संपतात, याची मला धास्ती वाटते.

मग रचनेकडून काही कळतं का? कळतं, फक्त चित्राऐवजी बंध वाचावे लागतात. ३०७ च्या आजूबाजूची साखळी अशी आहे: मेथिओनीन, प्रोलीन, अ‍ॅस्पार्टेट, आयसोल्युसीन, ल्युसीन, ल्युसीन, ग्लुटामेट, ल्युसीन. ३०२ पासून ३०९ पर्यंत. हा तुकडा एका आखूड हेलिक्सचा, मळसूत्री वळणांचा. हेलिक्स उभं राहतं ते हायड्रोजन बंधांवर: प्रत्येक अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन चार जागा मागच्या ऑक्सिजनला धरतो. प्रोलीनची बाजूसाखळी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जोडलेली असते, त्यामुळे त्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरतच नाही आणि मागच्या वळणाशी जागेची टक्करही होते.

विद्यार्थिनीने अचूक शंका काढली: "पण ३०३ वर तर आधीपासून प्रोलीन आहेच की. तिथे कसं चालतं?" तिच्या प्रोजेक्टमधला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. ३०३ हेलिक्सच्या अगदी सुरुवातीला आहे. पहिल्या वळणातल्या अमिनो आम्लांना मागे धरायला कुणी नसतंच, म्हणून तिथे प्रोलीन खपून जातं. किंबहुना हेलिक्सची सुरुवात करायला ते सोयीचंच पडतं. ३०७ दुसऱ्या वळणात आहे. त्याच्या हायड्रोजनने नेमका ३०३ चाच ऑक्सिजन धरायचा असतो. तेच अमिनो आम्ल चार घरं पुढे सरकलं आणि आधाराचं अडसर झालं. शिवाय ल्युसीनसारखी पाण्यापासून पळणारी बाजूसाखळी गेली ती वेगळीच. या हेलिक्सनंतर साखळी एका पट्टीतून सरळ त्रयीतल्या ग्लुटामेट ३२५ कडे जाते, म्हणजे मधलं अंतर फक्त १८ अमिनो आम्लांचं.

तरीही रचनेवरून मिळतो तो संशय. निकाल प्रयोगच देतो, आणि तो २००६ च्या कामात आहे: बदललेलं जनुक प्रयोगशाळेतल्या पेशींत घातलं तेव्हा एन्झाइमाची क्रिया मूळच्या तुलनेत अगदीच किरकोळ मिळाली. म्हणजे ७० व्या जागच्या बिघाडात एन्झाइम असतं पण स्कोलिनला ओळखत नाही. ३०७ च्या बिघाडात कामाचं एन्झाइम रक्तात येतच नाही. ओटीत दोन्हींचा परिणाम सारखा दिसतो, पण तपासणीत फरक पडतो. डिब्युकेनची चाचणी पहिल्यात उपयोगी. दुसऱ्यात अडवायला काही शिल्लकच नसतं, त्यामुळे डिब्युकेन नंबर मागवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

घरात

हे सगळं घरच्यांना सांगायचं काम भाचीने केलं, तेलुगूत. मी फक्त शेजारी बसलो होतो. दिरांना एकच गोष्ट हवी होती: वहिनीला आजार आहे की नाही? याला सरळ उत्तर देता येतं. एस्टरेज अजिबात नसलेली माणसं पूर्ण निरोगी जगतात. रोजच्या जगण्यात या एन्झाइमाची उणीव कुठे जाणवत नाही. अडचण येते ती विशिष्ट औषध अंगात गेल्यावरच. ऐकून आजीने, म्हणजे रुग्णाच्या आईने, सांगितलं की तिच्या भावाचंही हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला "लई उशिरा शुद्ध आली होती" आणि घरात सगळ्यांनी त्याच्या दारूला नावं ठेवली होती.

आई-वडील दोघांकडे निदान एक-एक बिघडलेली प्रत असणार, म्हणून सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक. भावाचा आकडा नॉर्मलपेक्षा थोडा कमी निघाला, म्हणजे बहुधा एकच प्रत. अशांना स्कोलिनचा अंमल थोडा लांबतो इतकंच. धाकट्या बहिणीचा आकडा शून्याजवळ. तिला पुढच्या महिन्यात पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलेलं होतं.

रुग्णाच्या मुलांना एक बिघडलेली प्रत नक्की मिळालेली आहे. नवरा नात्यातला, मामाचाच मुलगा, त्यामुळे त्याचंही रक्त तपासायला हवं होतं. तो तयार नव्हता. "मला काही झालेलं नाही" हे त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. शेवटी दोन्ही मुलांचं रक्त घेतलं, आणि मोठ्या मुलाचा आकडा आईसारखाच आल्यावर बापाला सुई टोचायची गरजच राहिली नाही. त्याच्याकडूनही एक प्रत आली असल्याशिवाय हे होत नाही.

भूलतज्ज्ञ मॅडमनी तिघांसाठी कार्ड करून दिली, मराठी आणि इंग्रजीत, पाकिटात मावतील अशी: सक्सिनिलकोलीन देऊ नये, मिव्हाक्युरियम (याच एन्झाइमाने उतरणारं दुसरं औषध) देऊ नये, घाईच्या ऑपरेशनला स्नायू सैल करायला रोक्युरोनियम वापरावं आणि ते उतरवायला सुगमाडेक्स हाताशी ठेवावं. खाली एक ओळ लॅबसाठी: "स्यूडोकोलिनएस्टरेज जन्मतः नाही. कमी आकड्यावरून विषबाधा ठरवू नये." बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं, भूल उतरली आणि ती वेळेवर जागी झाली. नांदेड आणि हैदराबादच्या नातेवाइकांना कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आहे. त्यातल्या दोघांनी रक्त तपासून घेतलं, बाकीचे दिवाळीनंतर बघू म्हणालेत.